काउंटीचं चार्टर बदलताना: देखरेख आयोग आणि पदाधिकाऱ्यांचा पगार नेमका कुठे लिहावा?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी लॉस एंजेलिस काउंटीत सेरिटोसला राहते. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरची आपली दुकानं ज्यांना माहीत आहेत, त्यांना जागा लगेच कळेल. नागरिकत्व घेतल्यानंतरचं माझं पहिलं मोठं मतदान नोव्हेंबर २०२४ चं. अध्यक्षपदासाठी कुणाला मत द्यायचं हे ठरलेलं होतं, पण मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला 'मेजर जी' (Measure G, थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) होतं आणि तिथे मी अर्धा तास अडकले.

मेजर जी म्हणजे काउंटीच्या चार्टरमध्ये, म्हणजे काउंटीच्या सनदेत, बदल. काउंटीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाचे निवडून आलेले सदस्य, म्हणजे सुपरवायझर, पाचाचे नऊ होणार, आतापर्यंत बोर्डाने नेमलेला मुख्य अधिकारी असायचा त्याऐवजी २०२८ मध्ये लोकांनी निवडलेला एक्झिक्युटिव्ह येणार, आणि स्वतंत्र नैतिकता आयोग, म्हणजे एथिक्स कमिशन, स्थापन होणार. ते ५१ टक्क्यांहून थोड्याच जास्त मतांनी मंजूर झालं. मी 'हो' म्हटलं होतं.

आता हे अमलात कसं आणायचं यावर जाहीर सभा होतात. मला तिथे उभं राहून बोलायचं आहे. दोन गोष्टी मनात घोळतात.

एक, आमच्या चार्टरात सुपरवायझरचा पगार आकड्याने लिहिलेलाच नाही. सुपीरिअर कोर्टाच्या न्यायाधीशाला जेवढा, तेवढाच सुपरवायझरला. आज तो वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर जातो. ही पद्धत चांगली की वाईट?

दोन, शेरीफ खात्यावर लक्ष ठेवणारा नागरी देखरेख आयोग २०१६ मध्ये बोर्डाने साध्या वटहुकमाने (ऑर्डिनन्स, म्हणजे बोर्डाने स्वतः मंजूर केलेला स्थानिक कायदा) केला. तो चार्टरमध्ये असायला हवा का?

ज्यांनी असं काही जवळून पाहिलं असेल त्यांनी जरूर लिहा.

तिखटमीठ

ताई, आधी आम्हाला पाया घालून द्या. काउंटी म्हणजे जिल्हा ना? मग शेरीफ म्हणजे एसपी का? आणि तो निवडून येतो? आमच्याकडे मुंबईचा शेरीफ हे मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत करणारं.

रानजाई

तिखटमीठ, साधारण जिल्हाच, पण लोकवस्ती जवळपास एक कोटी आणि पोटात ८८ शहरं. शेरीफ दर चार वर्षांनी निवडून येतो, शस्त्रधारी खातं चालवतो आणि तुरुंगही त्याच्याच ताब्यात. आमच्या सेरिटोसला स्वतःचे पोलीस नाहीत. शहर शेरीफ खात्याशी करार करतं. अशी चाळीसहून जास्त शहरं आहेत. म्हणजे रात्री दारात गाडी उभी राहिली तर ती शेरीफची. म्हणून हा विषय माझ्यासाठी घरचा आहे.

वांद्रेकर

एक कोटी लोकांना पाच सुपरवायझर?? २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७. म्हणजे एका नगरसेवकामागे ५५ हजारांच्या आसपास माणसं. तुमच्याकडे एकामागे वीस लाख! नऊ झाले तरी अकरा लाख. रस्त्यावरचा खड्डा सांगायला कुणाकडे जायचं?

अर्थात मुंबईतल्या या २२७ जणांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली, हेही मला विसरता येत नाही. आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम सांगायला तेव्हा खरंच कुणी नव्हतं. निवडलेला माणूस संख्येने कमी असला तरी 'आहे' याची किंमत मला त्या वर्षांत कळली.

अनुस्वार

रानजाई, धागा आवडला. थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पगाराचा मुद्दा उमगत नाही.

हे चार्टर १९१२ मध्ये मतदारांनी मंजूर केलं आणि १९१३ पासून लागू झालं. त्या वेळी काउंटीत पाच लाखांच्या आसपास लोक होते, म्हणजे एका सुपरवायझरमागे लाखभर. लोकसंख्या वीसपट झाली, खुर्च्या पाचच राहिल्या. वाढवण्याचा प्रश्न १९७६, १९९२ आणि २००० मध्ये मतदारांपुढे आला आणि प्रत्येक वेळी नापास झाला. लोकांचं म्हणणं सरळ होतं: आणखी राजकारणी आणि त्यांची आणखी कार्यालयं आम्ही का पोसायची?

पाचच खुर्च्या असल्याने मतदारसंघ कसे आखले जातात याला फार महत्त्व आलं. १९९० मध्ये 'गार्सा' खटल्यात फेडरल कोर्टाने सांगितलं की आखणी अशी केली आहे की लॅटिनो मतदारांची ताकद विखुरली जाते. नव्या आखणीनंतर १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. बोर्डावर निवडून आलेली ती पहिली स्त्री. चार्टर सुरू झाल्यापासून ७८ वर्षांनी!

आता पगार. कॅलिफोर्नियाच्या घटनेप्रमाणे काउंटीचं बोर्ड स्वतःचा पगार वटहुकमाने ठरवू शकतं, फक्त त्यावर लोक सार्वमत मागू शकतात. राज्यातल्या ५८ पैकी १४ काउंट्यांना स्वतःचं चार्टर आहे. त्यांतल्या लॉस एंजेलिसने हा प्रश्न न्यायाधीशाच्या पगाराशी बांधून टाकला. न्यायाधीशांचा पगार राज्याच्या कायद्याने, राज्य कर्मचाऱ्यांच्या सरासरी पगारवाढीप्रमाणे हलतो. म्हणजे सुपरवायझरला स्वतःच्या पगारवाढीसाठी हात वर करावा लागत नाही. मला हे सूत्र आवडतं.

माळरान

मी रानजाईंच्या शेजारच्याच काउंटीत राहतो, आणि मेजर जी माझ्या मतपत्रिकेवर असतं तर 'नाही' म्हटलं असतं. स्वतः बोर्डातल्या पाचांपैकी दोन जणींनी, कॅथरिन बार्जर आणि हॉली मिचेल यांनी, विरोध केला होता हे लक्षात घ्या. दोघी दोन वेगळ्या विचारांच्या आहेत, तरीही.

पगाराबद्दल अनुस्वार यांच्याशी सहमत. हात वर न करावा लागणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. न्यायाधीशाचं काम आणि सुपरवायझरचं काम यांचा संबंध काय? न्यायाधीश व्हायला दहा वर्षं वकिली लागते. सुपरवायझर व्हायला मतं लागतात. पगार वाढला, का वाढला, हे कुणालाच विचारता येत नाही, कारण 'तो आपोआप वाढला'. मला आपोआप वाढणाऱ्या सरकारी खर्चाची भीती वाटते.

वेताळटेकडी

माळरान, भीती समजते, पण उलट टोकही बघितलंय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेशिवाय मंजूर केलं. आधी-नंतर रोज भांडणारे सगळे पक्ष त्या दिवशी एक होते. माझे वडील शिक्षक, तेव्हा पेन्शनच्या फाइलीमागे हेलपाटे घालत होते. ती बातमी वाचून ते पेपर घडी घालून ठेवून गप्प बसले, ते मला अजून आठवतं.

खासदारांच्या बाबतीत २०१८ मध्ये सुधारणा झाली. महिना एक लाख रुपये पगार ठरवून तो पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल असं कायद्यात घातलं, आणि त्याच हिशेबाने तो पुढे १ लाख २४ हजार झाला. वाद झालाच, पण 'आकडा तुम्हीच ठरवलात' असं कुणाला म्हणता आलं नाही.

समामिशकर

सिएटलच्या बाजूची किंग काउंटी: रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, म्हणजे मराठी मंडळींची मोठी वस्ती असलेला भाग. आमच्याकडे दर दहा वर्षांनी चार्टर तपासण्यासाठी आयोग बसतो. मागच्या खेपेच्या शिफारशी नोव्हेंबर २०२० च्या मतपत्रिकेवर आल्या. त्यांत एक अशी की शेरीफ निवडायचा नाही, नेमायचा. दुसरी अशी की शेरीफ खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाला समन्स काढण्याचा अधिकार चार्टरमध्येच द्यायचा. दोन्ही मंजूर झाल्या. २०२२ पासून शेरीफ नेमलेला असतो.

म्हणून रानजाई, दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो, चार्टरमध्ये' असं आहे. बोर्डाने वटहुकमाने जे दिलं ते पुढचं बोर्ड वटहुकमाने काढून घेऊ शकतं.

अनुस्वार

समामिशकर, एक फरक. शेरीफ नेमायचा हा रस्ता कॅलिफोर्नियात बंद आहे. इथे राज्यघटनेतच लिहिलंय की शेरीफ निवडूनच यायला हवा, चार्टर काहीही म्हणो. म्हणून लॉस एंजेलिसला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या.

२०२० च्या मार्चमध्ये मेजर आर ने आयोगाला समन्सचा अधिकार मिळाला, ७० टक्क्यांहून जास्त मतांनी. तेव्हाचे शेरीफ अलेक्स व्हियानुएवा यांनी ती समन्सं मानायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं. मग २०२२ मध्ये मेजर ए आलं. ते मात्र थेट चार्टरमध्ये: गंभीर कारण असेल तर बोर्ड चार पंचमांश मतांनी शेरीफला पदावरून काढू शकतं. तेही ७० टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर झालं, आणि त्याच निवडणुकीत व्हियानुएवा पराभूत झाले.

आणखी एक तुलना. लॉस एंजेलिस शहराचे पोलीस वेगळे, त्यांच्यावरचा पाच नागरिकांचा पोलीस कमिशन शहराच्या चार्टरमध्ये आहे आणि तोच खात्याचा प्रमुख आहे. काउंटीचा आयोग सल्ला देतो आणि चौकशी करतो. एकाच गावात रस्त्याच्या या बाजूला एक व्यवस्था, त्या बाजूला दुसरी.

माळरान

मेजर ए ला माझा तत्त्वाचा विरोध आहे. लाखो लोकांनी निवडलेला माणूस चार जणांनी काढायचा? लोकांना नको असेल तर लोक पाडतील. तुम्हीच सांगितलंत, पाडलं.

शेवग्याच्या_शेंगा

माळरान, मी सॅन मटेओ काउंटीत राहते. आमच्याकडे मार्च २०२५ मध्ये हाच प्रश्न खास निवडणूक घेऊन विचारला: चार्टर बदलून शेरीफला काढण्याचा अधिकार बोर्डाला द्यायचा का? सुमारे ८४ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. पुढे सुनावण्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने शेरीफ क्रिस्टिना कॉर्पस यांना पदावरून दूर केलं. तो अधिकार कायमचा नाही, २०२८ अखेरपर्यंतच आहे.

मी 'हो' म्हणणाऱ्यांत होते, आणि हलक्या मनाने म्हटलं नाही. पुढची निवडणूक तीन वर्षं लांब होती. त्या तीन वर्षांत कोठडीत असलेला माणूस कुणाकडे दाद मागणार?

वांद्रेकर

शेंगाताईंचा शेवटचा प्रश्न. +१.

पाऊलवाट

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी एका काउंटीच्या (नाव नको) देखरेख समितीवर तीन वर्षं होतो. तुम्ही सगळे सुपरवायझरच्या पगारावर बोलताय. मला देखरेख करणाऱ्याच्या पैशावर बोलायचं आहे.

समितीवर घेतलं तेव्हा मी खूप उत्साहात होतो. सभा महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी दुपारी. मानधन नाही, गाडीतळाचे पैसेसुद्धा खिशातले. मी सॉफ्टवेअरमध्ये, अर्धी रजा टाकायचो. माझ्याबरोबर एक बाई होत्या, त्यांचा मुलगा त्या तुरुंगात दोन वर्षं होता. आमच्यात त्या व्यवस्थेची आतून माहिती असलेल्या त्या एकट्याच. त्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करायच्या. दुपारी आल्या की दिवसाची मजुरी बुडायची. आठ महिन्यांनी त्यांनी येणं थांबवलं. राजीनामासुद्धा दिला नाही, नुसतं येणं थांबलं. राहिलो कोण? निवृत्त लोक आणि माझ्यासारखे पगारी रजा मिळणारे. गणसंख्या न भरल्याने एका वर्षात तीन सभा रद्द झाल्या.

कागद मागितले की उत्तर यायचं, वकिलांना विचारतो. वकील कोण? काउंटीचाच. म्हणजे ज्या खात्याचे कागद मागायचे त्याचा आणि आमचा सल्लागार एकच. तो माणूस वाईट नव्हता. पण एका वेळी दोघांची बाजू कशी सांभाळणार?

म्हणून रानजाई, चार्टरमध्ये आयोगाचं नाव घातलं आणि थांबलात तर काहीच मिळणार नाही. तीन गोष्टी नावासोबत जायला हव्यात: स्वतःचा वकील, स्वतःचं कार्यालय आणि त्याला ठरलेला निधी, आणि सदस्यांना निदान बुडालेल्या मजुरीइतकं मानधन. सुपरवायझरचा पगार जर चार्टरच्या सूत्राने सुरक्षित राहत असेल, तर त्यांच्या कारभारावर बघणाऱ्याचं शंभर-दीडशे डॉलरचं मानधन दर वर्षी अंदाजपत्रकात भीक मागत का फिरावं?

तिखटमीठ

पाऊलवाट, त्या बाईंबद्दल वाचून गलबलून आलं. आमच्याकडे पोलीस तक्रार प्राधिकरणाचं असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक राज्याला सांगितलं, महाराष्ट्रात कायद्यात बदल व्हायला २०१४ उजाडलं. मधली आठ वर्षं तक्रार घेऊन जाणारा माणूस कुठे गेला असेल?

माळरान

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं मत एका मुद्द्यावर बदलतो. आयोगाच्या सदस्यांना मानधन हवं. मी खर्चाच्या विरुद्ध बोलत होतो, पण रद्द झालेल्या सभेचा खर्च कुणी मोजत नाही.

सूत्राबद्दल मात्र अजून शंका. क्लीव्हलंडची कायाहोगा काउंटी घ्या. तिथे भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर २००९ मध्ये लोकांनी नवं चार्टर आणलं आणि २०११ पासून अकरा सदस्यांचं कौन्सिल सुरू झालं, सदस्याचा पगार ४५,००० डॉलर असा आकडाच लिहून. लोकांना समजतं, उघड आहे.

समामिशकर

आकडा महागाईत विरघळतो. पाच-दहा वर्षांनी तो इतका कमी होतो की ज्याच्याकडे आधीच पैसा आहे तोच उभा राहतो. मला पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीची पद्धत पटते. तिथे दर दोन वर्षांनी काउंटीचा ऑडिटर पगार ठरवणारा पाच जणांचा आयोग नेमतो. ते मनुष्यबळ क्षेत्रातले जाणकार असतात, आणि काउंटीच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांचा पगार तेच ठरवतात. ना स्वतः हात वर करायचा, ना न्यायाधीशाच्या शेपटीला बांधायचं, आणि 'का वाढला' याचं लेखी कारण मिळतं.

अनुस्वार

मल्टनोमाचं उदाहरण उत्तम. माळरान यांच्या 'विचारायचं कुणाला' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. माझं सूत्राबद्दलचं प्रेम थोडं कमी झालं.

आता एक हिशेब, ज्याकडे सभांमध्ये लक्ष वेधायला हवं. आयोगाचे नऊ सदस्य. प्रत्येक सुपरवायझर एक नेमतो, असे पाच. उरलेले चार सगळं बोर्ड मिळून नेमतं, त्यांत समाजातून नावं येतात. उद्या सुपरवायझर नऊ झाले आणि 'प्रत्येकी एक' कायम राहिलं, तर नऊच्या नऊ जागा तिथेच संपल्या. समाजातून येणाऱ्या चार जागा कुठे?

दुसरं, चार पंचमांश. पाचांत चार मतं लागतात. नवांचे चार पंचमांश होतात ७.२, म्हणजे आठ मतं. आज शेरीफला वाचवायला पाचांपैकी दोन पुरतात, उद्या नवांपैकी दोन पुरतील. एक शब्दही न बदलता कलम कडक होतं.

वेताळटेकडी

हे वाचून मी कागद घेऊन बसलो. बरोबर आहे! आकडेवारीचा तास घेणाऱ्या आमच्या जोशीबाई असत्या तर अनुस्वारांना पेढा मिळाला असता.

शेवग्याच्या_शेंगा

शब्द न बदलता काय काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉस एंजेलिसचंच आहे, रानजाई, ते घाला ना धाग्यात. मेजर जे चं.

रानजाई

घालते, आणि मला त्याचा त्रास होतो, कारण मी दोन्हींना मत... नाही, जे च्या वेळी मी नागरिक नव्हते, पण दारोदार पत्रकं वाटली होती.

मेजर जे नोव्हेंबर २०२० मध्ये ५७ टक्के मतांनी मंजूर झालं. काउंटीच्या स्वतःच्या, कुठेही न बांधलेल्या उत्पन्नापैकी निदान १० टक्के रक्कम घरं, तरुणांचे कार्यक्रम, तुरुंगाला पर्याय अशा कामांना द्यायची, पोलीस किंवा तुरुंगावर खर्चायची नाही. ते चार्टरमध्ये गेलं. म्हणजे जायला हवं होतं. ते कोर्टातही अडकलं, २०२१ मध्ये रद्द झालं, २०२३ मध्ये अपिलात परत जिवंत झालं. या धावपळीत चार्टरच्या अधिकृत प्रतीत तो मजकूर उतरवायचाच राहिला. मग मेजर जी लिहिताना जुन्या प्रतीवरून अख्खं कलम नव्याने लिहिलं, आणि त्यात मेजर जे नव्हतं. म्हणजे २०२८ मध्ये मेजर जी लागू होताना मेजर जे पुसलं जाण्याची वेळ आली. जुलै २०२५ मध्ये ड्युआर्टे शहराच्या एका माजी नगरसेवकाच्या हे लक्षात आलं. तोवर वकील, बोर्ड, वर्तमानपत्रं, मतदार, कुणाच्याच नाही. माझ्यासुद्धा नाही. मी जी ला 'हो' म्हणताना जे ला 'नाही' म्हणत होते.

तिखटमीठ

बाप रे. म्हणजे सातबारावर नाव चढवायचं राहिलं आणि पुढच्या फेरफारात जमीनच गेली!

पाऊलवाट

अगदी हेच. तलाठ्याकडे जाऊन उतारा बघितल्याशिवाय खरेदीखतावर विश्वास ठेवू नये असं आजोबा म्हणायचे.

समामिशकर

अवांतर: आर्टेशियात अजून तो भाजणीच्या चकलीवाला आहे का? २०१२ मध्ये आलो होतो.

रानजाई

चकली मिळते, दुकान बदललं. आलात तर कळवा, घरी या.

मूळ प्रश्नावर येते. रात्री सगळे प्रतिसाद परत वाचले. एका मिनिटात मावेल असं लिहिलंय, इथे दुरुस्त करून द्या:

"मी सेरिटोसची मतदार. आमचे पोलीस म्हणजे शेरीफ. माझी विनंती अशी की नागरी देखरेख आयोग चार्टरमध्ये लिहावा, त्याच्या स्वतंत्र वकिलासह आणि सदस्यांच्या मानधनासह. सुपरवायझर नऊ झाल्यावर आयोगातल्या समाजाच्या चार जागा कमी होऊ नयेत. शेरीफला काढण्याच्या कलमात चार पंचमांशाऐवजी दोन तृतीयांश करावं, म्हणजे नवांत सहा. सुपरवायझर आणि नव्या एक्झिक्युटिव्हचा पगार स्वतंत्र आयोगाने लेखी कारणांसह ठरवावा. आणि कोणताही बदल मतपत्रिकेवर घालण्याआधी आजवर मंजूर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीशी ताडून संपूर्ण चार्टर लोकांपुढे ठेवावं."

माळरान

दोन तृतीयांशाला माझा विरोध कायम, आठच असू द्या. बाकी सगळ्यावर सही करतो. एक सुचवू? शेवटचं वाक्य पहिलं करा. मिनिट संपलं की माइक बंद होतो, आणि ते वाक्य राहायला नको.

पाऊलवाट

रानजाई, मानधनाच्या वाक्यात 'संध्याकाळच्या सभा' हेही घाला. त्या बाईंना संध्याकाळी यायला जमलं असतं.

रानजाई

दोन्ही केलं. सभा मंगळवारी सकाळी साडेनऊला आहे, रजा टाकली आहे. आल्यावर इथेच लिहिते.